पहिल्यांदा सायकॉलॉजिस्टकडे जाताना: आत नक्की काय होतं

नाशिकचा 27 वर्षांचा एक मुलगा विचारतोय. सहा महिने झोप नीट नाही, ऑफिसला निघालं की छातीत धडधड, हात गार पडतात, ईसीजी काढला तो नॉर्मल, मग फॅमिली डॉक्टर म्हणाले एकदा सायकॉलॉजिस्टला भेटून ये. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी 6 ची अपॉइंटमेंट घेतलीये, घरी सांगितलेलं नाही. त्याचे प्रश्न असे, की आत गेल्यावर काय बोलायचं, रडू आलं तर काय, गोळ्या देतात का, घरी कळेल का, किती महिने लागतात, आणि त्याचा मित्र 2 वेळा जाऊन आला नि म्हणाला "नुसत्या गप्पा मारतात रे, पैसे वाया", ते खरं आहे का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात 21 वर्षं प्रॅक्टिस करतेय. तुला अरे-तुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. ज्या पेशंट्सबद्दल खाली लिहिलंय त्यांचे तपशील बदललेत, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून.

मित्रापासूनच सुरू करते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर गायब होतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मित्र खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच गप्पाच वाटल्या असणार. पण पहिली 2 सेशन्स बहुतेक वेळा नुसती माहिती घेण्यातच जातात, तेव्हा इलाज सुरूच झालेला नसतो. डेंटिस्टनं एक्सरे काढला आणि आपण तिथूनच घरी आलो, तर दात दुखायचा थांबणार नाही ना, तसंच हे. फरक एवढाच की एक्सरे मशीन काढतं आणि इथे सगळं बोलून काढावं लागतं, म्हणून वेळ जातो.

तर शुक्रवारी काय होईल. आधी एक फॉर्म भरायला देतील, नाव, वय, शिक्षण, नोकरी, घरी कोण कोण, आधी काही आजार, चालू औषधं. कदाचित एक छोटी प्रश्नावली असेल, गेल्या 2 आठवड्यांत किती दिवस झोप लागली नाही, किती दिवस कशात मन लागलं नाही वगैरे. पीएचक्यू-9 म्हणून एक आहे, 9 प्रश्न, 0 ते 27 मार्क, आम्ही ती खूप वापरतो. त्यात पास-नापास नसतं. 17 आले म्हणून तू वेडा नाहीस आणि 4 आले म्हणून तुझा त्रास खोटा नाही. ती आम्हाला सुरुवातीचा आकडा मिळावा म्हणून असते, महिन्याभराने परत भरून घेतो आणि बघतो खाली येतोय का. खरं खरं भर. लोक दोन्हीकडून गडबड करतात, कुणी लाजेनं कमी लिहितं, कुणाला वाटतं जास्त लिहिलं नाही तर सिरियसली घेणार नाहीत.

मग आत. साधी खोली असते, 2-3 खुर्च्या, टिश्यूचा बॉक्स. झोपायचा कोच वगैरे काही नसतो, मला तरी माहितीत कुणाकडे नाही. पहिलं वाक्य साधारण "काय त्रास होतोय" किंवा "आज यावंसं का वाटलं" असं असेल. इथे बहुतेक जण अडकतात, आणि अडकलास तर घाबरू नकोस. कुठून सुरू करू कळत नाही, हे वाक्य पण चालतं. सुसंगत सांगायचं बिलकुल टेन्शन घेऊ नकोस, धागे जोडणं हे आमचं काम आहे, तू तुकडे टाक. शेवटचा वाईट दिवस कुठला होता तो सांग, सकाळी उठल्यापासून. त्यातून सगळं बाहेर पडतं.

आणि मराठीत बोल. हे मी मुद्दाम सांगते. मुलं येतात आणि म्हणतात "आय ॲम हॅविंग ॲन्झायटी इश्यूज", मी विचारते म्हणजे काय होतं, तर परत एक इंग्रजी शब्द येतो. मग थोड्या वेळानं कधीतरी आईचा विषय निघतो किंवा गावाकडच्या घराचा, आणि मुलगा एकदम म्हणतो "मॅडम, पोटात गोळा येतो हो, घरात पाय ठेवला की". तिथे आम्ही खऱ्या अर्थानं सुरू होतो. जीव नको झालाय, कसंतरी होतं, घाबरंघुबरं होतं, डोक्यात भुंगा लागलाय, ही माणसं रोज वापरतात ती वाक्यं आम्हाला जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात शरीर असतं, जागा असते, वेळ असते. तुझे थेरपिस्ट इंग्रजीतून बोलत असतील तर बिनधास्त सांग की मला मराठीत बरं पडेल.

पहिल्या सेशनला खूप जण आक्रसून बसतात. माझ्याकडे एक मुलगा यायचा, बाइकवरून. पहिले 50 मिनिटं हेल्मेट मांडीवर, दोन्ही हात त्यावर, आणि बोलता बोलता त्याचा पट्टा लावायचा काढायचा, लावायचा काढायचा, टक टक टक. मी काही बोलले नाही. दुसऱ्या वेळी पण मांडीवर. तिसऱ्या वेळी खुर्चीच्या शेजारी खाली ठेवलं. चौथ्या वेळी आला तेव्हा हात रिकामे होते, हेल्मेट बाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवून आला होता, आणि त्या दिवशी त्यानं वडिलांबद्दल पहिल्यांदा सांगितलं. चौथ्या वेळी. तो जर दोनदा येऊन थांबला असता तर त्यानंही मित्रांना हेच सांगितलं असतं की गप्पा मारतात.

काही प्रश्न तुला विचित्र वाटतील. दारू-सिगरेट किती, कुणी घरात आत्महत्या केलीये का, लहानपणी मारहाण, लैंगिक त्रास, आणि थेट हेही विचारतील की जीव द्यावासा वाटतो का. हा प्रश्न आम्ही जवळपास प्रत्येकाला विचारतो, तुझ्याबद्दल वेगळा संशय घेतलाय असं नाही. विचारल्यामुळे डोक्यात ती कल्पना शिरते हा गैरसमज आहे, उलट विचारल्यावर माणसाचा खांदा सैल पडलेला मी स्वतः कितीदा बघितलाय. असे विचार येत असतील तर शुक्रवारची वाट बघू नकोस, आत्ता 14416 वर फोन कर, टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, 24 तास आणि मराठीत बोलता येतं.

रडू आलं तर येऊ दे. आमच्यासाठी ते रोजचं आहे. पुरुष मंडळी रडली की लगेच "सॉरी मॅडम" म्हणतात, मला ते ऐकलं की गलबलतं, कोणाची माफी मागतायत. आणि नाही रडलास तरी काही कमी पडलं असं समजू नकोस, काहींना वर्षभर रडू येत नाही आणि तरी ती माणसं छान बरी होतात.

घरी कळेल का. तू सज्ञान आहेस, तुझ्या परवानगीशिवाय नाही. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. अपवाद थोडे आहेत आणि चांगला थेरपिस्ट ते पहिल्याच दिवशी सांगतो: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, कोर्टानं आदेश दिला, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, कारण पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे. बाकी काही बाहेर जात नाही. मला आयांचे फोन येतात, "मॅडम, ती काय बोलली हो तुमच्याशी, आम्हालाच सांगत नाही", त्यामागे काळजी असते हे कळतं, पण मी एवढंच म्हणते की तिलाच विचारा, आणि पुढच्या सेशनला मुलीला सांगते की आईचा फोन आला होता. लपवत नाही. रस्त्यात, डीमार्टमध्ये, लग्नात दिसलास तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तू हसलास तर हसेन. तो शिष्टपणा नव्हे, तुझ्या सोबत असलेल्यानं "या कोण?" विचारलं तर तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून. फेसबुकवर ॲड करत नाही, तेही त्याचसाठी.

छोट्या गावात हे जास्त अवघड आहे, मान्य. सांगलीकडची एक बाई वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी दिसेल या भीतीनं दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून यायची, तिच्या नशिबानं त्याच जिन्यात दाताचा दवाखाना होता. आता ऑनलाइनमुळे सोपं झालंय. पण ऑनलाइन घेतलंस तर जागा शोध, वन-बीएचकेमध्ये आई स्वयंपाकघरात आणि तू हॉलमध्ये, असं नाही जमत, माणूस अर्धी वाक्यं गिळतो. माझे कितीतरी पेशंट पार्किंगमध्ये गाडीत बसून किंवा गच्चीवर इअरफोन लावून सेशन करतात. चालतं. फोन चार्ज करून ठेव एवढंच.

गोळ्यांचं. आम्ही सायकॉलॉजिस्ट गोळ्या देऊ शकत नाही, तो अधिकार सायकियाट्रिस्टचा, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. मराठीत दोघांनाही लोक सरसकट मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात म्हणून घोळ होतो. आम्ही बोलून, शिकवून, सराव करून घेऊन काम करतो. कधीकधी आम्हीच म्हणतो की आधी सायकियाट्रिस्टला भेट, झोप इतकी मोडलीये की बोलण्याचा उपयोग होणार नाही. तसं म्हटलं तर हात वर केले असं समजू नकोस. डिप्रेशन-ॲन्झायटीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात आणि त्या डॉक्टरला न विचारता एकदम बंद करायच्या नसतात, एवढं लक्षात ठेव. आणि थायरॉइड, बी-12 तपासलंय का? नसेल तर फॅमिली डॉक्टरशी बोल. थायरॉइड कमी असलं की माणूस सुस्त, उदास होतो, वाढलं की धडधड नि घाम, आणि मग आम्ही महिनोन् महिने मनात शोधत बसतो ते रक्तात असतं.

कुणाकडे जातोयस ते पण बघ. काउन्सेलर हा शब्द कुणीही पाटीवर लिहितं अशी आपल्याकडे अवस्था आहे, 3 महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून लोक बसलेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, तिला नंबर असतो, तो विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि चांगला माणूस विचारल्यावर रागावत नाही. चांगलं शिक्षण आणि अनुभव असलेले समुपदेशक पण आहेत, त्यांना कमी लेखत नाही, फक्त काय शिकलात, कुणाच्या हाताखाली काम केलंत हे विचार.

आता मुख्य काम, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या सेशनपासून पुढचं. तुझी लक्षणं ऐकून मला पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या जोरदार भीतीच्या झटक्यांचा वास येतोय, पण न बघता निदान करणार नाही, ते तुझे थेरपिस्ट करतील. समजा तसंच निघालं तर काय करतात ते सांगते. कात्रजच्या नव्या बोगद्यात ज्याला धडधडायला लागायचं असा एक मुलगा माझ्याकडे होता, बोगद्यात शिरलं की श्वास अडकतो, आता हार्ट अटॅक येणार, गाडी कडेला घेणार कशी. त्यानं बोगदा टाळायला सुरुवात केली, मग हायवे टाळला, मग एकट्यानं बाइक चालवणंच सोडलं. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि त्याच बरं वाटण्यानं भीती पोसली जाते, मनाला पक्कं कळतं की टाळलं म्हणूनच वाचलो. आम्ही आधी खोलीतच बसून, डॉक्टरकडून हृदय ठीक असल्याची खात्री करून घेऊन, त्याला शहाळ्याच्या स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायला लावला, नाक दाबून. चाळीस सेकंदांनी चेहरा लाल, "मॅडम, सेम होतंय, सेम". मी म्हटलं हो, सेमच व्हायला हवं, आता बस आणि बघ काय होतं. 2-3 मिनिटांत धडधड आपोआप उतरली. त्यानं काहीच केलं नव्हतं, पळाला नव्हता, पाणी प्यायला नव्हता, तरी उतरली. हे त्याला मी 100 वेळा तोंडानं सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मग घरी रोज तेच, मग मित्राला मागे बसवून बोगद्याच्या अलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत, मग मित्रासोबत आरपार, मग मित्र मागच्या गाडीवर, मग एकटा. 14 सेशन्स लागली. शेवटच्या वेळी त्यानं बोगद्याच्या पलीकडून फोन केला, मागे ट्रकांचे हॉर्न, आणि नुसता म्हणाला "आलो".

हे घरी स्वतःच करत बसू नकोस, विशेषतः दमा वगैरे असेल तर, थेरपिस्टच्या समोर कर.

विचारांवर पण काम करतात. साहेबांचा मेसेज आला "उद्या भेट", आणि रात्रभर झोप नाही कारण "काढून टाकणारच". मग वहीत लिहायचं, काय घडलं, काय वाटलं, त्या विचाराची खात्री शंभरपैकी किती, बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. शाळकरी वाटतं, पण करून बघ. विचार तपासून बदलायची अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजवली आणि मराठीत तिचं काम करताना मी नेहमी हट्टाचा "च" शोधायला लावते. मला सगळ्यांनी चांगलंच म्हटलं पाहिजे, माझी चूक होताच कामा नये, हे झालंच पाहिजे. एका पेशंटनं आठवडाभर स्वतःच्या बोलण्यातले "च" वहीत टिपून आणले, 2 पानं भरली होती. एका अक्षरात केवढं ओझं असतं ते तेव्हा दिसतं.

म्हणजे गृहपाठ असतो. आठवड्यातले 50 मिनिटं माझ्याबरोबर आणि बाकी सगळे तास तुझे, काम तिथे होतं.

किती महिने? ॲन्झायटी-डिप्रेशनला अशा पद्धतीनं साधारण 12 ते 16 सेशन्स, आठवड्याला एक, असं धरून चाल, लवकरही होतं. गोव्यात संगत या संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या, प्रशिक्षण दिलेल्या लोकांकडून 6 ते 8 सेशन्सची थेरपी डिप्रेशनच्या पेशंट्सना दिली आणि फायदा झाला, 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. लहानपणापासूनचं काही खोल असेल तर मात्र वर्ष-दीड वर्ष जातं. आणि सरळ रेषेत सुधारणा होत नाही. चांगलं सेशन झाल्यावर 2 दिवस जड जाऊ शकतं, चिडचिड, उगाच रडू, त्याला घाबरून सोडू नकोस, पण पुढच्या वेळी सांग नक्की.

फी माझ्या ओळखीच्या लोकांत एका सेशनची 1000 ते 2500 च्या मध्ये आहे, मोठ्या शहरांत त्याहून जास्त घेणारेही आहेत. परवडत नसेल तर पहिल्याच दिवशी बोल, बरेच जण कमी करतात किंवा 15 दिवसांनी बोलावतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयांची ओपीडी आहे, आणि तिथे जाणारे सगळे भरती होत नाहीत, रोज शेकडो माणसं दाखवून घरी जातात. इन्शुरन्सचं म्हणशील तर 2017 च्या कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला सांगितलंय, पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्चच बसत नाही, त्यामुळे दर आठवड्याची फी बहुतेक खिशातूनच जाते.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. काहीतरी खटकलं तर बोल. माझ्या प्रॅक्टिसच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, नवरा गेलेला. 5 सेशन्स छान झाली आणि त्या यायच्या बंद. मी फोन केला, "बघते, करते" म्हणाल्या. 8 महिन्यांनी स्वतःहून आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी ह्यांच्या शेवटच्या रात्रीचं सांगत होते आणि तुम्ही घड्याळाकडे बघितलंत." खरं होतं. भिंतीवर माझ्या डाव्या हाताला घड्याळ होतं, मान वळवल्याशिवाय दिसायचं नाही. 8 महिने ती बाई ते मनात घेऊन एकटी राहिली होती. मी माफी मागितली, आणि त्यानंतर आमचं जे काम झालं ते आधीच्या 5 सेशन्सपेक्षा कितीतरी पुढे गेलं, कारण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर "तुमचं हे मला लागलं" म्हटलं होतं आणि समोरचा माणूस चिडला नव्हता. तेव्हापासून माझ्या खोलीतलं घड्याळ पेशंटच्या खुर्चीच्या मागे आहे.

तर तुला वाटलं की हे सल्लेच फार देतायत, माझं ऐकत नाहीत, किंवा नुसतं ऐकतायत पुढे काही नाही, धर्म-जात-लग्न यावर शेरे मारतायत, तर तिथेच सांग. "मला वाटतंय आपलं पुढे सरकत नाहीये" एवढं वाक्य पुरे. चांगला थेरपिस्ट त्यावर थांबेल, विचारेल, पद्धत बदलेल, नाहीतर स्वतःच दुसऱ्याचं नाव देईल. चिडला, तुलाच दोष दिला, तर खुशाल बदल. आणि फीसोडून दुसरे कुठलेही आर्थिक व्यवहार, स्पर्श, "आपण बाहेर भेटू" असलं काही झालं तर एक मिनिट थांबू नकोस. मित्राला पण माझा निरोप दे, की ज्यांच्याकडे गेला होतास त्यांना एक मेसेज कर, नुसत्या गप्पा वाटल्या म्हणून, बघ काय म्हणतात.

शुक्रवारी जाताना ईसीजीचा रिपोर्ट ने, चालू गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन ने. बोलता येणार नाही असं काही असेल तर फोनवर टाइप करून ठेव आणि फोन त्यांच्या हातात दे, मला कितीतरी जणांनी असं दिलंय. 10 मिनिटं आधी पोच, धावत गेलास तर आधीच धडधडत असेल. आणि त्या रात्री कुणाच्या वाढदिवसाला वगैरे जायचं ठरवू नकोस, 7 वाजता बाहेर पडलास की गोदाघाटावर नाहीतर कुठेही थोडा वेळ एकटा बस, चहा घे, मग घरी जा.